फुलबाजी, भुईनळा की आकाशातला शॉट: सोलापूरकरांनी पिशवीत काय भरावं?

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात फटाक्यांचे स्टॉल लागले की घरोघरी तोच वाद सुरू होतो. लेकरांना सगळंच हवं असतं, आजीला धूर सोसत नाही आणि एखादे काका हटकून म्हणतात, "घ्यायचंय तर आवाजाचं घ्या की, नुसता उजेड बघून काय करायचंय?" मी शाळेत रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे ओळखीतले लोक यादी माझ्यापुढे धरतात. यातलं काय घेऊ, काय सोडू?

माझं मत आधीच सांगून टाकतो. दारापुढं उडवायला कागदी भुईनळा. रंग बघायची हौस असेल तर चार घरांनी मिळून मोकळ्या मैदानावर शॉटचा एखादा लहान खोका. फुलबाजी मोजकी आणि मोठं माणूस शेजारी उभं असेल तरच. नागगोळी आणि रॉकेट, दोन्हीला फाटा. हे मत पटण्यासारखं आहे की नाही, ते आत भरलेला माल बघून ठरवा.

ठिणगीचा रंग आणि ज्योतीचा रंग

फटाक्याचा उजेड दोन तऱ्हांनी तयार होतो. खरेदी करताना हा एक फरक कळला तरी निम्मं काम होतं.

पहिली तऱ्हा ठिणगीची. कोळशाचा किंवा धातूचा कण तापतो आणि तापमान वाढत जाईल तसा लाल, केशरी, पिवळा, पांढरा होत जातो. कोळसा आणि लोखंडाचा कीस सोनेरी-केशरी ठिणगी देतात. ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमचा मिश्रधातू आणि टायटॅनियम चंदेरी ठिणगी देतात. ठिणगीच्या वाट्याला बहुतेक एवढंच येतं, सोनं आणि चांदी.

दुसरी तऱ्हा ज्योतीची. इथं धातूच्या क्षाराची वाफ होते, तिच्यातले इलेक्ट्रॉन उष्णतेनं वरच्या पातळीवर जातात आणि खाली उतरताना ठरावीक रंगाचा प्रकाश सोडतात. स्ट्रॉन्शियम लाल, बेरियम हिरवा, तांबं निळा, कॅल्शियम नारिंगी, सोडियम पिवळा. स्ट्रॉन्शियम आणि तांबं एकत्र घातलं की जांभळा. यातल्या स्ट्रॉन्शियम, बेरियम आणि तांब्याला ज्योतीत क्लोरीन मिळाला की रंग गडद होतो, म्हणून मिश्रणात पीव्हीसीची पूड किंवा क्लोरीनयुक्त रबर घालतात. त्याचा धूर काही अत्तराचा नसतो, हे वेगळं सांगायला नको.

सगळ्यांत अवघड रंग निळा. तांबं आणि क्लोरीन यांचा जो रेणू निळा प्रकाश देतो, तो ज्योत जास्त तापली की फुटतो आणि रंग पांढुरका पडतो. ज्योत कमी तापवली तर रंग राहतो, पण उजेड मिणमिणता होतो. त्यात सोडियमची आणखी कटकट. सोडियमचा ५८९ नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश इतका दांडगा की मिश्रणात तो जरासा शिरला तरी बाकीच्या रंगांना खाऊन टाकतो. शाळेच्या प्रयोगशाळेत हे दरवर्षी दिसतं. निक्रोमची तार आम्लात बुडवून, कॉपर क्लोराइड लावून बर्नरमध्ये धरली की सुंदर निळसर-हिरवी ज्योत यायला हवी. पण एखादा पोरगा तारेचं टोक कौतुकानं बोटानं चाचपतो, बोटाच्या घामातलं मीठ तारेला लागतं आणि पहिले काही क्षण नुसती पिवळीधम्मक ज्योत. वर पोरगा विचारतो, "सर, तांबं संपलं का?"

तेव्हा खोक्यावरच्या चित्रात गडद निळी फुलं असली तर त्या चित्राचे पैसे देऊ नका. लाल आणि चंदेरी हे भरवशाचे रंग. निळा जमला तर कारखान्याची हातोटी म्हणायची.

फुलबाजी आणि भुईनळा, समोरासमोर

या दोघांची तुलना जरा तब्येतीत करावी लागेल, कारण बहुतेक घरांत खरी निवड यांच्यातच असते, आणि तिथंच लोकांचा अंदाज उलटा असतो. फुलबाजी म्हणजे लेकरांची, भुईनळा म्हणजे मोठ्यांचा, असं आपण धरून चालतो.

फुलबाजी म्हणजे लोखंडी तारेवर वाळवलेला लेप. त्यात लोखंडाचा कीस, ॲल्युमिनियमची पूड, ऑक्सिजन पुरवणारा नायट्रेटचा क्षार आणि हे सगळं धरून ठेवायला डेक्स्ट्रिनसारखी खळ. अंधारात नीट बघितलं तर ठिणगी सरळ जात नाही. थोडं अंतर गेल्यावर ती फुटते आणि तिला बारीक फांद्या येतात. लोखंडातल्या कार्बनचा तो प्रताप. कण जळताना आत वायू तयार होतो आणि कण फुटतो. धातू किती बारीक दळलाय यावरही बरंच ठरतं. शेंगाचटणीचं कूट जाडसर ठेवलं की एक चव, पीठ केलं की दुसरी, तसंच इथंही. जाड कण लांब उडून सावकाश जळतात, बारीक पूड एकदम भगभगते.

आता धोक्याकडे या. जळत्या फुलबाजीचं तापमान १००० अंश सेल्सियसच्या वर जातं. पाणी १०० अंशांना उकळतं. म्हणजे चहाचं आधण ज्या लेकराच्या आसपास आपण फिरकू देत नाही, त्याच्याच मुठीत आपण हे देतो. शिवाय हात आणि आग यांच्यात अंतर जेमतेम वीतभर. ठिणगी हलकी असते, कातडीला लागली तरी लगेच विझते, त्यामुळे वाटतं की काही होत नाही. पोळते ती तार. फुलबाजी विझली, अंधार झाला, लेकरानं तार खाली टाकली आणि धाकटं अनवाणी त्यावर आलं, की आटोपलं. दुसरा घात कपड्यांचा. दिवाळीचे नवे झगे, ओढण्या बहुतेक सिंथेटिक. ते पेटण्याआधी वितळतात आणि अंगाला चिकटतात. त्या संध्याकाळपुरता सुती कपडा घाला. सोलापुरात सुती कपड्याला काय तोटा?

दहा-बारा फुलबाज्या एकत्र बांधून पेटवायची टूम व्हिडिओत दिसते. ती कृपा करून घरी आणू नका. एकेकटी सावकाश जळणारी फुलबाजी गठ्ठ्यात एकदम पेटते, उष्णता बाहेर जायला वाट नसते आणि हातात अक्षरशः भडका होतो.

भुईनळ्याचा माल साधा. मुळात बंदुकीच्या दारूचाच भाऊ तो. जुन्या दारूत शंभरात साधारण ७५ भाग सोरा (पोटॅशियम नायट्रेट), १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक असतं. भुईनळ्यात ती सावकाश जळेल अशी बेतून लोखंडाचा कीस किंवा ॲल्युमिनियम मिसळतात. शंकूच्या अरुंद तोंडातून वायू जोरात बाहेर पडतो आणि तापलेले कण सोबत घेऊन जातो. आधी थोडी फुरफुर, मग सोनेरी झाड उंच चढतं, शेवटी पुन्हा खाली बसतं. रंग म्हणाल तर बहुतेक ठिणगीचेच.

त्याचा दोष एकच, पण मोठा. तोंड बुजलं किंवा आतला माल ठासताना चीर पडली तर भुईनळा कधी कधी बॉम्बसारखा फुटतो. मातीच्या कुंडीतला फुटला तर खापराचे तुकडे उडतात, कागदी फुटला तर कागदाचे. म्हणून कागदीच घ्यायचा. पेटवताना वर वाकायचं नाही. बाजूला बसून, हात लांब करून, लांब उदबत्तीनं वात पेटवायची आणि पाच-सहा पावलं मागं यायचं. डोळ्यांना होणाऱ्या इजांचं मूळ बऱ्याचदा त्या वाकण्यात असतं. पेटला की नाही हे बघायला पुन्हा तोंड खाली घालायचा मोह तर त्याहून वाईट.

मग सरस कोण? माझ्या लेखी भुईनळा. एकदा पेटवला की माणूस आणि आग यांच्यात अंतर राहतं आणि धोक्याचा क्षण एकच असतो, तोही मोठ्या माणसाच्या हातचा. फुलबाजीत धोका पहिल्या सेकंदापासून गरम तारेपर्यंत चालूच. लेकरांना फुलबाजी द्यायचीच असेल तर एका वेळी एक, हात अंगापासून लांब, पायात चप्पल-बूट, आणि विझलेली तार बुडवायला पाण्याची बादली तिथंच. बादली अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली तर कोणी जात नाही.

धुराचा हिशेब

आवाज नाही म्हणजे त्रास नाही, हा समज मोडायला एक अभ्यास उपयोगी आहे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशननं २०१६ मध्ये पुणे विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसोबत निरनिराळे फटाके जाळून हवेतले पीएम २.५, म्हणजे फुफ्फुसात खोलवर जाणारे बारीक कण, मोजले. दर घनमीटरला मायक्रोग्रॅममध्ये आकडे असे: नागगोळी ६४,५००, हजाराची माळ ३८,५४०, फुलबाजी १०,३९०, भुईचक्र ९,४९० आणि भुईनळा ४,८६०. आपल्याकडचं चोवीस तासांच्या सरासरीचं मानक ६० आहे. हे आकडे क्षणिक टोकाचे, ते मानक दिवसभराचं, त्यामुळे दोन्ही एका तराजूत घालता येत नाहीत. पण नागगोळीचा नंबर बघा. ना रंग, ना उजेड, ना आवाज, वर फरशीवर काळा डाग, आणि लेकरू नाक खाली घालून 'साप' वाढताना बघतं. घरात दमेकरी असो नसो, ही वस्तू यादीतून काढून टाकायला मला क्षणभरही विचार करावा लागत नाही.

भुईचक्राबद्दल फार बोलण्यासारखं नाही. सपाट सिमेंटवर छान फिरतं. खडबडीत मातीत अडखळून कुठंही धावतं, बहुधा जिथं साड्यांचा घोळका उभा असतो तिकडं.

आवाजाचे फटाके माझ्या तुलनेत बसतच नाहीत, कारण त्यात बघण्यासारखं काही नाही. तरी घ्यायचेच असतील तर नियम ठाऊक असू द्या. फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबलच्या वर आवाज करणारा फटाका विकायला आणि वाजवायला मनाई आहे. लांब माळांवर सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्येच बंदी घातली. त्याच आदेशात दिवाळीला रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली. आणि पहाटे अभ्यंगस्नान उरकून सहाच्या आत पहिला बार काढायची जी आपली हौस, तीही ध्वनिप्रदूषणाच्या नियमात बसत नाही. रात्री १० ते सकाळी ६ आवाजाच्या फटाक्यांना परवानगी नाही.

रॉकेट की शॉट?

खरे रंग बघायचे तर आकाशाकडेच बघावं लागतं. शॉटच्या नळीत तळाला फेकणारी दारू असते. ती पेटली की वरचा गोळा उंच जातो आणि तिथं फुटून रंगाच्या गोळ्या पसरतात. प्रत्येक गोळी म्हणजे एकेका क्षाराचं घट्ट दाबलेलं मिश्रण. लाल फूल दिसलं की स्ट्रॉन्शियम आठवायचं, लखलखता पांढरा दिसला की ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम.

रॉकेटमध्ये हाच माल थोडा, पण दिशा रामभरोसे. काडी वाकडी असली, बाटली कलली, वारा फिरला की ते कोणाच्याही गच्चीत शिरतं. जुळे सोलापुरात प्लॉट मोकळे आहेत, तिथं कदाचित निभावेल. पण पूर्व भागात घराला लागून माग, मागाच्या शेडमध्ये सुताचे कोन, पत्र्याच्या आतून साचलेले कापसाचे तंतू, गच्चीवर वाळत घातलेलं रंगवलेलं सूत. तिथं रॉकेट लावणं म्हणजे शेजाऱ्याच्या पोटावर पाय. कापसाचे मोकळे तंतू ठिणगी कशी पकडतात ते मागावर काम केलेल्या माणसाला विचारा.

शॉटचा खोका सरळ वर मारतो, म्हणून रॉकेटपेक्षा बरा. मात्र तो आडवा पडला तर उरलेले बार माणसांच्या उंचीवर येतात. सपाट जागेवर ठेवून चारी बाजूंनी विटा किंवा वाळूची पोती लावा. चालू खोका मध्येच थांबला तर त्याच्यावर वाकून बघायचं नाही, हे मुलांआधी बापांना सांगावं लागतं. गल्लीत, विजेच्या तारांखाली, पत्र्याच्या शेडजवळ हा प्रकार नकोच. म्हणूनच चार घरं मिळून मैदानावर जा म्हणतो. खर्चही वाटला जातो.

बाकी रंगीत दारूकाम म्हणजे काय हे सोलापूरकरांना कोणी शिकवायला नको. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं, त्याला आख्खं शहर लोटतं. हातात काही न धरता, लांबून, फुकट बघायला मिळणारा हा खेळ दारापुढच्या कुठल्याही खोक्यापेक्षा मोठा. ज्यांच्या घरात तान्हं बाळ किंवा दम्याचं माणूस आहे त्यांनी दिवाळीत पणत्या लावाव्यात आणि दारूकामाची हौस जानेवारीत, मैदानापासून जरा लांब, वाऱ्याची दिशा बघून भागवावी.

हिरवा रंग गडद दिसला तर

हा मुद्दा स्टॉलवर कोणी सांगत नाही. फटाक्यातला भरघोस हिरवा बेरियमचा. पूर्वी फुलबाजीतही बेरियम नायट्रेट असायचं, ते रंगापेक्षा ऑक्सिजन पुरवण्यासाठी. एक्स-रेच्या आधी पेशंटला पाजतात ते बेरियम सल्फेट पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते पोटातून जसंच्या तसं बाहेर पडतं. पण विरघळणारे बेरियमचे क्षार विषारी असतात. शरीरातल्या पोटॅशियमचा तोल बिघडवून ते स्नायू आणि हृदयाच्या ठोक्यांवर घाला घालतात. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये फटाक्यांतले बेरियमचे क्षार बंद केले आणि २०२१ मध्ये ते पुन्हा बजावलं. त्याआधी २०१७ मध्ये ॲन्टिमनी, लिथियम, पारा, आर्सेनिक आणि शिसं यांना मनाई झाली होती. ही बंदी दिल्लीपुरती नाही, सगळ्या देशाला लागू आहे.

बेरियमशिवाय तसा गडद हिरवा काढणं अवघड. म्हणून बिनलेबलच्या खोक्यातून झगझगीत हिरवं फूल निघालं तर खूश होण्याआधी शंका घ्या. आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं जे ग्रीन फटाके बनवले, त्यांत धुरातले कण किमान ३० टक्के कमी असावेत असा निकष आहे. खोक्यावर त्यांचं चिन्ह आणि क्यूआर कोड असतो. कोड फोनवर स्कॅन करून बघा; नुसतं हिरवं चिन्ह छापायला काय लागतं? आणि ३० टक्के कमी म्हणजे ७० टक्के उरलेच, हेही ध्यानात असू द्या.

स्वस्तात मिळतंय म्हणून कोणाच्या तरी घरात भरलेला माल तर अजिबात घेऊ नका. पोटॅशियम क्लोरेट आणि गंधक एकत्र आले की नुसत्या घासण्यानं पेटू शकतात, म्हणून हे मिश्रण १९९२ पासून बंद आहे. चोरटा माल ते पाळेलच असं नाही. कारखान्यातसुद्धा हे काम किती बेभरवशाचं आहे ते आपल्या जिल्ह्यानं बघितलंय. १ जानेवारी २०२३ ला बार्शी तालुक्यात पांगरीजवळच्या फटाका कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि तिथं रोजंदारीवर गेलेल्या बायकांचे जीव गेले.

घरी आणल्यावर

मागच्या वर्षीचे उरलेले फटाके माळ्यावरून काढून गच्चीवर उन्हात घालायची आपली जुनी सवय. दमट झालेल्या मिश्रणात ॲल्युमिनियमची पूड आणि नायट्रेट असेल तर त्यांच्यात आतल्या आत क्रिया होऊन उष्णता तयार होते. वर ऑक्टोबरचं ऊन. सादळलेला फटाका वाळवू नका, गॅसजवळ तर मुळीच ठेवू नका. बादलीत रात्रभर बुडवून ठेवा आणि टाका. वात विझलेला, न उडालेला फटाकाही त्याच बादलीत. पण लगेच उचलायचा नाही. निदान पंधरा-वीस मिनिटं कोणाला जवळ जाऊ न देता थांबायचं, मग लांबून पाणी ओतायचं. आतली दारू काढून कागदावर जाळायचा उद्योग करणारा एक तरी शूरवीर प्रत्येक गल्लीत असतो. त्याच्या हातातला कागद आधी काढून घ्या.

भाजलंच तर अंगठी, बांगडी, घड्याळ लगेच काढा आणि तो भाग वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. बर्फ नको. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप यांपैकी काही लावू नका. डॉक्टरांना आधी ते खरवडून काढावं लागतं आणि कातडी सोबत येते. कपडा कातडीला चिकटला असेल तर ओढू नका. डोळ्याला लागलं तर चोळायचं नाही, दाबून पट्टी बांधायची नाही, घरातले जुने थेंब घालायचे नाहीत. बाहेरून किरकोळ दिसणारी इजा आत खोल असू शकते, त्यामुळे "सकाळी बघू" म्हणून झोपवू नका. १०८ ला फोन करा किंवा रिक्षात घालून थेट सिव्हिल गाठा. तातडीचा विभाग लक्ष्मीपूजनाच्या रात्रीही चालू असतो.